‘नुसता जबाब देऊन जा’ असा ठाण्यातून फोन आला, तर...

खटाव तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. ओळख पटेल असा तपशील गाळून मजकूर देते.

‘माझा धाकटा भाऊ २३ वर्षांचा आहे. दोन वर्षं पोलीस भरतीची तयारी करतोय. गावच्या यात्रेत रात्री ऑर्केस्ट्रा चालू असताना दोन गटांत भांडण झालं. एका मुलाच्या डोक्यात काठी बसली, टाके पडले. फिर्यादीत सहा जणांची नावं आहेत, त्यात भावाचंही आहे. तो म्हणतो, मी सोडवायला गेलो होतो. काल हवालदारांचा फोन आला, “उद्या येऊन नुसता जबाब देऊन जा, काही होत नाही.” चुलते म्हणतात, चार-आठ दिवस पुण्याला मावशीकडे जाऊन राहा. गावातले एक पुढारी म्हणतात, वकील दिला की साहेब चिडतात, मी मिटवतो. भावाचा मित्र म्हणतो, कोर्टात कबूल करायचं, दंड भरायचा, विषय संपला. वकील दिला तर आपणच मारलं असं दिसेल का? आणि भरतीचं काय होणार?’

ताई, तातडीचं होतं तेवढं तुम्हाला आधीच कळवलंय. यात्रांचा हंगाम सुरू झाला की अशी पत्रं वाढतात, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी तुमच्या घरी जमलेल्या सल्लागारांकडे बघू. त्यातला सगळ्यात घातक सल्ला भावाच्या मित्राचा आहे, आणि ऐकायला तोच सर्वांत सोपा वाटतो. कोर्टात गुन्हा कबूल करून भरलेला दंड ही शिक्षाच असते. रक्कम पाचशे रुपये असो की पाच हजार, कागदावर ‘दोषी’ असंच येतं. तुमच्या भावावर आज फक्त आरोप आहे. आरोप असलेल्या माणसाला कायदा निर्दोष धरूनच चालतो आणि सिद्ध करण्याचं ओझं सरकार पक्षावर असतं. कबुली दिली की ते ओझं आपण होऊन उचलल्यासारखं होतं. पुढे चारित्र्य पडताळणीत ‘साहेब, तेव्हा मिटवायचं म्हणून कबूल केलं होतं’ हे कोणी ऐकून घेत नाही. वर्दीसाठी पहाटे धावणाऱ्या मुलाने तर हा रस्ता धरूच नये. हेलपाटे नकोत म्हणून कबुली देऊन मोकळी झालेली आणि नंतर नोकरीच्या दारातून परत फिरलेली मुलं मी पाहिली आहेत.

चुलत्यांचा सल्ला मायेपोटी आहे, पण त्याने अटकेची शक्यता वाढते. आज पोलिसांकडे तुमचा भाऊ ‘नाव असलेला, गावात राहणारा, शिकणारा मुलगा’ आहे. आठ दिवसांनी तो ‘फरार’ होईल. जामिनाच्या अर्जावर सरकारी वकिलांचं पहिलं वाक्य तेच असेल, आणि कोर्टालाही ते पटेल.

पुढाऱ्यांबद्दल थोडं पुढे लिहिते. आधी फोनचं बघू.

फोनवरून बोलावणं ही कायद्यातली नोटीस नव्हे. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम ३५(३) मध्ये, अटकेची गरज वाटत नसेल तेव्हा पोलिसांनी आरोपीला हजर राहण्याची लेखी नोटीस द्यावी, असं आहे. जुन्या वकिलांच्या तोंडी अजून ‘एक्केचाळीस-ए’ची नोटीस असते, ती हीच. ही नोटीस व्हॉट्सअॅपवर पाठवलेली चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. आणि नोटिशीप्रमाणे माणूस हजर राहत असेल, सहकार्य करत असेल, तर त्याला त्या गुन्ह्यात अटक करायची नाही. करायचीच असेल तर अधिकाऱ्याला कारणं लिहून ठेवावी लागतात. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात पोलिसांना बजावलं होतं. तो निकाल तुमच्या वकिलांच्या जिभेवर असेल.

म्हणून भावाने जायचं, पण असं जायचं. वकिलांनी तपासी अंमलदारांना फोन करून सांगावं की मुलगा हजर राहील, नोटीस द्या. नोटीस हातात पडली की तिची प्रत घरी ठेवा. ठाण्यात कधी पोहोचला, कधी निघाला, कोण साहेब होते, हे त्याच दिवशी वहीत लिहा. चौकशी चालू असताना आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटण्याचा हक्क अटक झालेल्या माणसाला कलम ३८ देतं. वकील पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाहीत, अधूनमधून भेटू शकतात. अटक झालेली नसतानाही वकिलांना सोबत घेऊन जायला काही आडकाठी नाही.

वकील दिल्याने गुन्हेगार दिसतो का, हे तुम्ही विचारलंत. ताई, अजमल कसाबची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम केली. त्याच निकालात न्यायालयाने देशभरातल्या दंडाधिकाऱ्यांना सांगितलं की आरोपीला पहिल्यांदा तुमच्यासमोर आणलं की त्याला वकिलाचा हक्क आहे, पैसे नसतील तर सरकारी खर्चाने वकील मिळेल, हे समजावून सांगणं तुमचं कर्तव्य आहे. ज्या खटल्यात अख्ख्या देशाला शंका नव्हती, त्यात हे लिहिलं गेलं. मग यात्रेतल्या भांडणात वकील देताना तुम्ही का कचरावं?

जबाबाकडे येते, कारण घोटाळा तिथेच होतो. पोलिसांनी विचारलेल्या ज्या प्रश्नाच्या उत्तराने आपण स्वतः गुन्ह्यात अडकू, त्याचं उत्तर देणं आरोपीवर बंधनकारक नाही. राज्यघटनेच्या कलम २०(३) मध्ये ते आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हेही खरं. इंग्रजांच्या काळापासून चालत आलेला हा नियम आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. पण त्याला एक फट आहे. कोठडीतल्या आरोपीने सांगितलं की काठी अमक्या गोठ्यामागे टाकलीय आणि ती तिथे सापडली, तर तेवढा भाग कोर्टात येतो. (मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा, लागला तर नियमच बदलतो, तिथे वरिष्ठ अधिकाऱ्यापुढची कबुली चालते. तुमच्या भावाचा त्याच्याशी काही संबंध नाही, पण गावात कोणीतरी घाबरवायला तो शब्द वापरेल म्हणून लिहिलं.)

पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते. सही घेऊ नये असं कायद्यातच आहे, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८१. पंचनामा, अटकेचा कागद, नोटिशीची पोच यांवर सह्या असतात, त्या वाचून करायच्या. कोऱ्या कागदावर कधीच नाही. ‘नंतर भरतो, घाई आहे’ म्हटलं तरी नाही.

आता गप्प बसण्याच्या हक्काइतकंच महत्त्वाचं दुसरं काही असेल तर ते खोटं न बोलणं. मुलं घाबरून सांगतात, ‘मी यात्रेला गेलोच नव्हतो.’ अहो, हल्ली ऑर्केस्ट्रासमोर पन्नास मोबाइल वर धरलेले असतात. त्यातल्या एकात तुमचा भाऊ दिसणारच. आणि त्याचा खरा बचाव तर तो तिथे होता यावरच उभा आहे. तो होता, त्याच्या हातात काठी नव्हती, तो एकाला मागे ओढत होता. ‘नव्हतोच’ म्हटल्यावर हे सगळं वाया जातं. त्यापेक्षा ‘वकिलांशी बोलून सांगतो’ एवढं म्हणणं बरं.

मोबाइलवरून आठवलं. त्या रात्रीचे व्हिडिओ, ग्रुपवरचे मेसेज, काहीही पुसू नका. मित्रांनाही सांगा. पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि कदाचित त्याच क्लिपमध्ये भावाची सुटका असेल. ज्याने व्हिडिओ काढला त्याचा मूळ फोन जपायला हवा, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कोर्टात प्रमाणपत्र जोडावं लागतं. फॉरवर्ड होत होत आलेल्या क्लिपला ते मिळवणं कठीण. देवस्थानचे किंवा चौकातल्या दुकानाचे कॅमेरे असतील तर फुटेज राखून ठेवण्याचा लेखी अर्ज आजच द्या आणि पोच घ्या. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं. कामाचे पहिले आठ दिवस लोक कोणाची ओळख आहे का हे शोधण्यात घालवतात, आणि तेवढ्यात फुटेज जातं.

फिर्यादीची प्रत मिळवा. एफआयआर साधारण २४ तासांत संकेतस्थळावर टाकावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलंय. अडचण असेल तर फार तर ७२ तास. लैंगिक गुन्हे, दहशतवाद असे संवेदनशील विषय त्यातून वगळलेत. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर जिल्हा आणि ठाणं निवडून ती सापडते. नाही सापडली तर भावाच्या वतीने ठाण्यात अर्ज करता येतो.

तुम्ही पत्रात कलमं लिहिलीत त्यावरून चित्र असं दिसतं. भारतीय न्याय संहितेचं ११५(२), साधी दुखापत, अदखलपात्र आणि जामीनपात्र. १८९, १९१, बेकायदेशीर जमाव आणि दंगा, जामीनपात्र. अडचणीचं आहे ते ११८(१), घातक हत्याराने दुखापत. शिक्षा तीन वर्षांपर्यंतच, पण अजामीनपात्र. म्हणजे ठाण्यातून हक्काने जामीन मिळत नाही, कोर्टात मागावा लागतो. म्हणून नोटीस मिळेल अशी चिन्हं नसतील तर सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करून ठेवावा, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली. अंतरिम संरक्षणही मागता येतं.

एक गोष्ट मात्र वकिलांना रोज विचारा. जखमी मुलाचं वैद्यकीय प्रमाणपत्र काय आलं? हाड मोडलं असेल, किंवा १५ दिवस तीव्र वेदना राहिल्या असतील, तर ती ‘गंभीर दुखापत’ ठरते आणि कलम वाढतं. हत्याराने गंभीर दुखापत झाली तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. मग नोटिशीचं सगळं गणित बदलतं. गावाकडे सुरुवातीला हलक्या कलमांवर लोक निर्धास्त राहतात आणि दहा दिवसांनी कलम वाढल्यावर धावपळ करतात.

सहा जणांची नावं एका ओळीत आहेत, याचंही कारण समजून घ्या. बेकायदेशीर जमावाचा समान उद्देश सिद्ध झाला, तर एकाच्या काठीची जबाबदारी बाकीच्यांवर येते. म्हणून फिर्यादीत नावं भरभरून दिली जातात, कधी जुन्या बांधाच्या वादातलीही. पण नुसता बघ्या किंवा सोडवणारा माणूस जमावाचा सभासद होत नाही. फिर्यादीत तुमच्या भावाने नेमकं काय केलं असं लिहिलंय, की ‘इतरांनी लाथाबुक्क्यांनी मारहाण केली’ या वाक्यात त्याचं नाव कोंबलंय, हे बघा. जामिनावर त्याचा फार परिणाम होतो.

समजा, इतकं करूनही अटक झाली. तर अटकेची कारणं लेखी आणि त्याला समजेल अशा भाषेत मिळायला हवीत. मुंबईतल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये हे सगळ्या गुन्ह्यांना लागू केलं. लगेच देणं शक्य नसेल, तर रिमांडसाठी कोर्टात नेण्याच्या किमान दोन तास आधी. अटकेच्या कागदावर वेळ आणि तारीख असते, घरच्या कोणाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही असते. ती वेळ नीट बघा. संध्याकाळी सातला बसवून ठेवलं आणि कागदावर दुसऱ्या दिवशीचे अकरा लिहिले, असं होऊ नये, कारण तिथून २४ तास मोजले जातात. प्रवासाचा वेळ सोडून तेवढ्या वेळात दंडाधिकाऱ्यांपुढे न्यावंच लागतं. घरच्यांना अटकेची खबर देणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

दंडाधिकारी विचारतात, ‘पोलिसांबद्दल काही तक्रार आहे का?’ मागे तेच हवालदार उभे असतात आणि मुलगा मान हलवतो, ‘नाही.’ मारहाण झाली असेल तर सांगायची जागा तीच. अटकेनंतर वैद्यकीय तपासणी होते, तिथे डॉक्टरांनाही सांगायचं. ठाण्यात सीसीटीव्ही असावेत आणि फुटेज जपावं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल आहे. तक्रार वेळेवर झाली तरच ते मागता येतं.

कोर्टात ‘पीसीआर’ आणि ‘एमसीआर’ हे दोन शब्द कानावर पडतील. पहिली पोलीस कोठडी, दुसरी न्यायालयीन. नव्या कायद्यात एक बदल झालाय, तो ठाऊक असू द्या. पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांचीच, पण अशा गुन्ह्यात ती सुरुवातीच्या ४० दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येते. आणि ६० दिवसांत दोषारोपपत्र दाखल झालं नाही, तर जामीन हा हक्क होतो. गंभीर गुन्ह्यांत ही मुदत ९० दिवसांची.

जामीनदाराचा सातबारा, आधार, रेशनकार्ड तयार ठेवा. पुण्याच्या मावशीचे यजमान जामीन राहायला तयार असतील आणि कोणी म्हणालं की दुसऱ्या जिल्ह्यातला चालत नाही, तर वकिलांना मोतीराम प्रकरणाची आठवण करून द्या. १९७८ साली एका गवंड्याच्या भावाचा जामीन, त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला होता. सर्वोच्च न्यायालयाने ते चूक ठरवलं.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० वर फोन करा. कोठडीत असलेल्या कोणालाही उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींनाही उत्पन्नाची अट नाही. मोफत म्हणजे कच्चा वकील, हा समज सोडा. फौजदारी बचावासाठी पूर्ण वेळ नेमलेले वकील आता जिल्हा पातळीवर आहेत.

आणि तुम्हाला किंवा आईला ‘भाऊ येत नाही तर तुम्ही या’ म्हणून ठाण्यात बोलावलं, तर जायची सक्ती नाही. साक्षीदार म्हणून स्त्रीचा जबाब घ्यायचा असेल तर तिच्या राहत्या घरी येऊन घ्यावा लागतो, त्याच संहितेचं कलम १७९. हे आईला नीट सांगा, तिच्या रडण्यामागे बहुतेक हीच भीती असेल.

आता पुढारी. मिटवणं मुळात वाईट नाही. दोन्ही मुलं त्याच गावात राहणार आहेत, आणि जखमी मुलाच्या घरच्यांना खरंच समेट हवा असेल तर उत्तमच. पण साधी दुखापत जखमी माणसाच्या संमतीने मिटते, ११८(१) तशी मिटत नाही. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर सह्या केल्या, नारळ दिला, तरी केस चालूच राहते. त्यासाठी उच्च न्यायालयात संमतीने गुन्हा रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो. साताऱ्याच्या लोकांना त्यासाठी आता मुंबई गाठायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालंय. समेटाची बोलणी वकिलांमार्फत करा. भावाने स्वतः फिर्यादीच्या दारात जाऊ नये, हात जोडायलाही नाही. साक्षीदारावर दबाव आणला, असं उद्या कोणी म्हणू शकतं. आणि पुढारी ‘वर द्यायला’ पैसे मागत असतील तर लाच देणंही गुन्हा आहे. ठाण्यातूनच मागणी आली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. जबरदस्तीने द्यावे लागले तर सात दिवसांच्या आत कळवणाऱ्याला कायदा वाचवतो.

भरतीबद्दल मी तुम्हाला गोड बोलणार नाही. गुन्हा दाखल झाला म्हणून अर्ज करायचा हक्क जात नाही. पण पडताळणीच्या फॉर्ममध्ये विचारलं असेल तर केस लिहावीच लागते. लपवणं हे केसपेक्षा जास्त महाग पडतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात ही भूमिका नीट मांडली. खरी माहिती दिली तरी नेमणूक द्यायलाच हवी असं नाही, पण किरकोळ प्रकरण असेल तर खात्याला ते सोडून देता येतं. पोलीस खात्याचा निकष इतरांपेक्षा कडक आहे. निर्दोष सुटला तरी ‘संशयाचा फायदा’ मिळून सुटला की पुराव्याअंती पूर्ण सुटला, हे तिथे पाहिलं जातं. म्हणूनच फुटेजसाठी मी एवढी मागे लागलेय. त्याचं नाव तपासातच गळालं आणि दोषारोपपत्रात आलंच नाही, तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. ते साधायचं तर तुमच्याकडचे व्हिडिओ आणि साक्षीदारांची नावं वकिलांमार्फत लेखी अर्जासह तपासी अंमलदारांना द्या, प्रत पोलीस अधीक्षकांना. पुढच्या भरतीची जाहिरात आली तर अर्ज भरू दे. धावणं त्याने थांबवू नये.